आंब

पारा काल चारावर आला,
म्हणून आज मी साडेचारला उठले.
स्कूटरची सीट बर्फाच्या लादीसारखी.
जिंतूर रस्त्याला, झरीच्या अलीकडे,
धुक्यात शिरलेला हेडलाइट
परत माझ्याच तोंडावर येत होता.

कॅमेरा स्वेटरच्या आत,
उबवणीला ठेवलेल्या अंड्यासारखा.
रोल मुश्ताकभाईंचा, शेवटचा.
त्यांच्या स्टुडिओत आता मोबाईलच्या काचा बसवतात.
फ्रिजात मेथीच्या जुडीमागे अकरा वर्षं पडून होता.
देताना म्हणाले, "मुदत संपलीय, बेटा.
उजेड दोन घरं जास्त दे.
म्हाताऱ्याला जरा मोठ्यानंच सांगावं लागतं."

पण द्यायला उजेड कुठाय?

मीटरची सुई उठेना.
सेल काढला, काखेत धरला,
तेव्हा एकदा हलली आणि पुन्हा निजली.
हातमोजा घातला तर बटण कळत नाही,
काढला तर बोट कळत नाही.
श्वास सोडला की काच आंधळी,
धरून ठेवला तर कानात पाणी वाजतं.

पाणी खरंच वाजत होतं.
पलीकडे गव्हात कुणीतरी दारं धरत होतं.
मी हरभऱ्यातून गेले. सलवार गुडघ्यापर्यंत ओली,
ओली म्हणजे नुसती दवानं नव्हे, आंबेनं.
बोट चाटून पाहिलं. दात शिवशिवले.

मुंजाजी. नाव नंतर कळलं.
कानाला टॉवेल, हातात खोरं,
पाय पाण्यात, पायात काही नाही.
"लाईट रातच्यालाच देतेत," तो म्हणाला,
मी काही विचारलं नव्हतं तरी.
मग, "काय काढायलीस, ताई?"
"थंडी."
"ती निघती का फोटूत?"

शटर लावलं एक-अष्टमांशावर.
आतलं ग्रीस थिजलेलं. त्याचा आवाज
रोजच्यापेक्षा लांबला,
जणू कुणी शब्द आठवत आठवत बोलतंय.
मुंजाजी तेवढा वेळ हलला नाही.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"दाखव बरं."
"दिसत नाही लगेच. आधी रोल संपायचा, मग धुवायचा."
"मंग दिसंल कवा?"
"पंधरा दिवस. महिना."
"तवर तर घाटे धरतील," म्हणाला,
आणि पाणी दुसऱ्या सरीत वळवायला गेला.

रोल संपायला संक्रांत उलटली.
मोरीची खिडकी घोंगडीनं झाकली, नळ हळू सोडला.
थांबवायचं रसायन संपलेलं,
म्हणून किराण्यातलं व्हिनेगर पाण्यात ओतलं,
आणि अंधारात एकदम तो वास.
हरभरा. तीच आंब.
माझी ओली सलवार, शिवशिवलेले दात,
सगळं शेत मोरीत येऊन उभं राहिलं.
घड्याळ मोजायचं विसरले. बारा सेकंद, की वीस?

निगेटिव्ह ट्यूबसमोर धरली.
त्यात धुकं काळं, कोळशासारखं,
आणि मुंजाजी निव्वळ काच.
त्याच्या छातीतून मला माझी ट्यूबलाइट दिसत होती.

प्रिंट बरी आली. कडेला खरबरीत,
अकरा वर्षांची मेथी तिथं उतरली असावी.
थंडी निघाली की नाही, मला सांगता येत नाही.

शेवटी नेऊन दिली.
ऊन होतं, हरभरा उपटून झालेला,
बांधावर कुणाचीतरी पोरं हुळा भाजत होती.
मुंजाजीनं हात पुसले. फोटो लांब धरला, जवळ घेतला.
मी वाट पाहत होते, तो स्वतःकडे कधी बघतो याची.

त्यानं नखानं डावा कोपरा दाखवला.
"हितं बघ," म्हणाला, "पाणी फुटल्यालं.
शेजारच्याकडं चाललं होतं सगळं.
तवा दिसलंच नाही."